चौदावं घर

आमच्या क्लबाचं मैदान चौदा घरांचं आहे. माझ्या आजोबांच्या काळात चौदा घरांनी आपापल्या भातखाचरांचे तुकडे एकत्र केले, मधले बांध फोडले आणि पोरांना खेळायला जागा करून दिली. त्यातली तेरा घरं आमची, ख्रिस्ती. चौदावं विद्याधरचं. पूर्वेकडचा तुकडा त्याच्या आजोबांनी दिला आणि त्याची वाडी तिथूनच सुरू होते. कागदोपत्री जमीन क्लबाच्या नावावर असली, तरी तेव्हा ठरलेला नियम आजतागायत चालत आलाय. मैदानाला हात लावायचा तर सभेत चौदाही घरांची नावं पुकारायची. एका घराने जरी नाही म्हटलं तरी विषय संपला. आणि तीनदा पुकारूनही घरातून कुणी आलं नसेल, तर त्या घराची हरकत नाही असं धरायचं. हे शेवटचं कलम का घातलं तेही सांगतो. आमचे लोक सभेला यायचे नाहीत आणि मागाहून चर्चच्या आवारात तोंड वर करून भांडायचे. त्यांना चाप बसावा म्हणून ते घातलं.

मी सॅन्टन, गेली एकवीस वर्षं या क्लबाचा सचिव. अध्यक्ष एरॉल दुबईत असतो आणि नाताळात येऊन बक्षिसं वाटतो, म्हणून कामं सगळी माझ्या गळ्यात. निवृत्त होईपर्यंत मी माणिकपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. मास्तरांना खोटं खपत नाही, अशी माझी ख्याती होती. तिचा मला अभिमान होता, हे आता सांगायलाही लाज वाटते.

गेल्या वर्षी आमचा संघ जिल्ह्यात पहिला आला आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. वरच्या लीगमध्ये खेळायचं तर स्वतःचं स्टेडियम हवं, दिवे हवेत, खेळाडूंना खोल्या हव्यात. आमच्याकडे काय आहे, तर पूर्वेचा बांध. त्यावर चारेकशे माणसं दाटीवाटीने उभी राहतात. मुलगे शेवग्याच्या आडोशाला कपडे बदलतात आणि मुली मैदानाशेजारच्या क्लेमेंटीनबायच्या पडवीत. माझा मुलगा ॲलिस्टर संघाचा कोच. त्याने सातिवलीत गोदामं बांधणारा एक बिल्डर गाठला. तो बारा हजार खुर्च्यांचं स्टेडियम बांधून द्यायला तयार होता आणि बदल्यात त्याला रस्त्याकडची पट्टी दुकानांसाठी हवी होती.

बारा हजार! आमच्या गावात पाळण्यातली पोरं धरून नऊशे माणसं, त्यातली निम्मी घरं वर्षातले अकरा महिने कुलूप लावून कॅनडात नाहीतर मेलबर्नमध्ये. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं मी ॲलिस्टरला म्हटलं. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. चंदनसारला, नालासोपाऱ्याला एवढी माणसं राहायला आलीत, त्यांच्या पोरांना खेळ बघायला जागा कुठेय? आपण गावापुरताच क्लब म्हणून बसलो तर पाच वर्षांत अकरा पोरंही मिळणार नाहीत. हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी संघाची यादी दरवर्षी लिहितो, ती किती आखडत आलीय ते मलाच ठाऊक.

फेब्रुवारीतल्या सभेत विद्याधर उठून बोलला. तो फार बोलणारा नाही. तरुणपणी तो डावीकडून धावायचा आणि मी गोलात असायचो, तेव्हाही मीच ओरडायचो आणि तो मान हलवायचा. त्या दिवशी तो म्हणाला की मैदान खोलगट आहे म्हणून पावसाचं पाणी चार महिने तिथे थांबतं आणि जिरतं, म्हणून आजूबाजूच्या विहिरी गोड आहेत. भराव टाकलात की ते पाणी माझ्या वाडीत येईल आणि उन्हाळ्यात विहिरीला खारं लागेल. गोलपोस्ट नवे करा, खोल्या बांधा, दोनशे माणसांची गॅलरी करा, मी पहिली वीट आणून देतो. बारा हजारांना मात्र माझं घर नाही म्हणेल. एवढं बोलून तो खाली बसला आणि सभा संपली.

ॲलिस्टर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मला ऑकलंडच्या एका शाळेचं पत्र दाखवलं. तिथे त्याला खेळाच्या शिक्षकाची नोकरी मिळत होती. स्टेडियम झालं तर राहतो पप्पा, नाहीतर इथे काय करू, असं त्याने सरळ विचारलं. माझी बायको इनेझ जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी रोवेना टोरांटोत आहे, ती दर रविवारी फोनवर दिसते. हाही गेला तर त्या घरात मी एकटा उरणार होतो. मला त्याची भीती वाटायची, दुसरं काही नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जयवंती गेली. विद्याधरची बायको. दोन वर्षं आजारी होती. तिला उचलणाऱ्या चौघांत मी होतो. स्मशानातून परतल्यावर विद्याधरने मला बाजूला घेतलं. म्हणाला, आता दहा दिवस मी उंबरठ्याबाहेर पडणार नाही, पानवेलींच्या पाण्याकडे तेवढं बघशील का. त्याचा मुलगा उमंग बंगळुरूहून आला होता, पण त्याला पंप कुठला आणि पाट कुठला ते ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं. रोज सकाळी चर्चमधल्या मिस्साहून परतताना मी वाडीत जायचो, पंप लावायचो, पाणी फिरवायचो. ओटीवरून विद्याधर हात वर करायचा.

चौथ्या दिवशी बिल्डरचा माणूस आला. महिन्याअखेरीस लीगकडे अर्ज जायला हवा आणि अर्जाला क्लबाचा ठराव जोडायला हवा. ॲलिस्टरने माझ्यासमोर कॅलेंडर ठेवलं. मी चष्मा लावून बघितलं. रविवार येत होता तो जयवंतीचा आठवा दिवस. आम्ही बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं. मीच पेन घेऊन त्या रविवारच्या सभेची सूचना लिहिली आणि फळ्यावर लावली. हे मी केलं. ॲलिस्टरने मला काही करायला सांगितलं नव्हतं.

रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सगळे मैदानावर जमले. सुरुवातीला मी जयवंतीच्या आत्म्यासाठी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले, टोप्या काढल्या, माना खाली घातल्या. मग मी विषय वाचला. तेव्हा क्लेमेंटीनबाय बसल्या जागेवरून बोलल्या.

"सॅन्टन, तिचं तेरावं होऊं दे. पाच दिवसांनी काय आभाळ कोसळणार हाय?"

मी म्हटलं, बाय, नियमात सुतकाची तरतूद नाही. मी भूगोलाचा मास्तर असलो तरी त्या क्षणी वकिलासारखा बोललो. नियम आपल्या तेरा घरांसाठी केला होता, सुतक पाळणारं घर त्यात एकच होतं आणि ते घर सभेला आलं नाही असं कधीच घडलं नव्हतं. आमच्यात माणूस गेला तर सातव्या दिवशीही आम्ही सभेला येतो. म्हणून तशी तरतूद करायचं कुणाला सुचलं नाही. सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. कुणीतरी अडवावं असं मला आतून वाटत होतं आणि कुणी अडवलं असतं तर मी त्याच्यावर चिडलो असतो, हेही खरं.

मी नावं पुकारायला सुरुवात केली. तेरा घरं 'हो' म्हणाली. क्लेमेंटीनबायही म्हणाल्या, कारण त्यांचा नातू संघात गोलकीपर आहे. मग मी विद्याधरचं नाव घेतलं. वाडीचं कुंपण तिथून चाळीस पावलांवर. एरवी मी नाव पुकारलं तर माडावरचे कावळे उडतात. त्या दिवशी मी तीनही वेळा हळू आवाजात पुकारलं. मग वहीत लिहिलं, हरकत नाही, आणि खाली सही केली.

तेराव्याला मला जेवायला बोलावलं होतं. जायचं नाही असं ठरवून मी गेलो, कारण न जाणं जास्त दिसलं असतं. ओटीवर विरारचे, केळव्याचे त्याचे नातलग बसले होते. विद्याधर थकलेला होता, पण मला बघून उठला आणि हाताला धरून त्यांच्यामध्ये घेऊन गेला.

"हा सॅन्टन," तो त्यांना म्हणाला. "दहा दिवस माझी वाडी यानेच जगवली. आणि गेल्या रविवारी क्लबाची सभा होती. मी इथून बघत होतो. जयवंतीसाठी सगळे उभे राहिले. याने हळूच माझं नाव घेतलं आणि सगळे उठून गेले. माझ्या घरात सुतक आहे म्हणून सभा तहकूब केली यांनी. सांगा, आजकाल कोण करतं असं?"

नातलगांनी माझ्याकडे आदराने बघितलं. एक म्हातारे गृहस्थ मला हात जोडू लागले. मीही हात जोडले. मग पानं मांडली. उमंग वाढत होता. मी खाली मान घालून जेवलो, दुसऱ्यांदा भातही घेतला. निघताना विद्याधरने विचारलं, सभा आता कधी घेताय, मी येईन. मी कळवतो म्हटलं. मी आयुष्यभर पोरांच्या हातावर छड्या मारल्या त्या असल्याच उत्तरांसाठी.

मला वाटलं होतं, चार-सहा दिवस मिळतील. एका संध्याकाळी जाऊन बसेन, हळूहळू सांगेन. पावसाच्या आत पाया घालायची बिल्डरला घाई होती. मंगळवारी सकाळीच जेसीबी आला. पूर्वेचा बांध आधी कापायचा असं ठरलं होतं, कारण खडीचे ट्रक तिथून आत येणार होते. ॲलिस्टर हेल्मेट घालून उभा होता. कितीतरी वर्षांत मी त्याला एवढा आनंदात बघितला नव्हता. मी घरून येईपर्यंत मशीन बांधाशी पोचलं होतं आणि बांधावर विद्याधर उभा होता.

तो भांडत नव्हता. जेसीबीवाला पोरगा मशीन बंद करून खाली उतरला होता आणि विद्याधर त्याला समजावत होता की बाबा, तुझी काही चूक नाही, तुला कुणीतरी चुकीचं सांगितलंय. मला येताना बघून त्याला बरं वाटलं. त्याने मला हात केला.

"हे बघ, आमचे सचिव आले," तो त्या पोराला म्हणाला. "सभा व्हायचीय अजून. विचार त्यांना."

पोराने माझ्याकडे बघितलं. ॲलिस्टरनेही बघितलं. विद्याधर हसत होता.

"झाली, विद्याधर," मी म्हटलं. "त्याच रविवारी झाली."

त्याला आधी समजलं नाही. मग त्याने विचारलं, माझं घर पुकारलंस का. मी हो म्हटलं, तीनदा. तो चिडेल, निदान माझ्या अंगावर येईल असं मला वाटत होतं, आणि तो आला असता तर मी मार खाल्ला असता. तो जेसीबीवाल्या पोराकडे वळला.

"माफ कर हां भाऊ," तो म्हणाला. "मी उगाच खोळंबा केला तुझा."

मग तो बांधावरून उतरला. उतार घसरडा होता, म्हणून ॲलिस्टरने त्याला हात दिला. त्याने तो घेतला, खाली आल्यावर सोडला आणि घरी गेला.