निरोगी पान

तुलनेसाठी निरोगी नमुना हवा, म्हणून आमच्या अंगणातल्या केळीचं पान मी प्रयोगशाळेत नेलं. हिरवंगार आहे म्हणजे निरोगी, असं मीच धरून चालले.

रामनगरच्या चार केळीबागा रोगाने बसल्या होत्या. आज विषाणूंचे जनुकक्रम जुळवले. विषाणू आमच्या पानातही निघाला, आणि चारही बागांतले त्याचेच वंशज होते. तीनदा तपासलं, उत्तर बदललं नाही.

दर सत्यनारायणाला बाबा याच केळीच्या बुडाशी फुटलेले मुनवे शेतकऱ्यांना लावायला देतात, प्रसाद म्हणून.

घरी आले तेव्हा बाबा मातीने माखलेले हात धूत होते.

"इरा, रामनगरवाले आले होते. बागा उपटून टाकल्या म्हणे, बिचारे. उरलेले सगळे मुनवे देऊन टाकले मी."