कापलेला कान

झालर दवाखान्यात आली ती टेलरमावशींनी स्वतः शिवलेल्या पिशवीतून. जाड कापड, हवेसाठी एका बाजूला जाळी, वर चेन. मावशींचं दुकान आमच्या दवाखान्यापासून चार दुकानं सोडून, आणि दुकानामागच्या वसाहतीतल्या यच्चयावत मांजरांचं पालकत्व त्यांच्याकडे. नावंही दुकानातलीच: झालर, अस्तर, कॉलर, मलमल. एका बोक्याचं नाव उसवण होतं आणि ते त्याला शोभायचं.

"डॉक्टर, हिचं पोट बघा जरा," मावशी म्हणाल्या. "आठवडाभर फुगतच चाललंय. गाठबीठ तर नसेल?"

मी झालरला टेबलावर घेतलं. तिच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं होतं. मोकळ्या मांजरीचं ऑपरेशन झालं, की ती भुलीत असतानाच आम्ही कानाचं एवढंसं टोक काढतो. लांबून बघणाऱ्याला कळतं, की हिला आता पिल्लं होणार नाहीत, हिला पुन्हा पकडू नका. आमच्या धंद्यात तो कान म्हणजे दिलेला शब्द असतो.

"खायला घालून घालून उशी केलीत हिची," मी म्हणाले आणि पोटाखाली हात घातला. बोटांखाली काहीतरी हललं, आणि ते जेवण नव्हतं.

सोनोग्राफी लावली. चार बारकी काळजं पडद्यावर भराभर उडत होती.

"पिल्लं आहेत," मी म्हणाले.

"ऑपरेशन झालेल्या मांजरीला?"

दोष मी आधी मावशींना दिला, हे सांगूनच टाकते. घरातली चूक माणसाला सगळ्यात शेवटी दिसते. "ही झालर नसेल मावशी. दुसरी कुठली तरी आली असेल. भांडणात कान फाटला असेल तिचा."

मावशींनी गळ्यातली टेप सारखी केली. "बत्तीस वर्षं कात्री चालवतेय मी. फाटलेलं कुठलं आणि कापलेलं कुठलं एवढं कळतं मला. हा कापलेला आहे. आणि ही झालरच. शेपटीवरचा तो तपकिरी ठिपका बघा."

ठिपका होता. मी मशीनने पोटावरचे केस काढले. ऑपरेशन झालं असतं, तर मधोमध बारीक पांढरी रेघ सापडायला हवी होती. कातडी कोरी करकरीत होती.

"हिला इथे राहू द्या," मी म्हणाले. "मी संध्याकाळी दुकानात येऊन सांगते."

मावशींनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग रिकाम्या पिशवीची चेन लावली आणि गेल्या.

आता एका पत्राबद्दल सांगायला हवं. वसाहतीत मांजरांवरून दोन वर्षं धुसफूस चालली होती. अध्यक्षांचं म्हणणं, सगळी गोळा करा आणि गावाबाहेर नेऊन सोडा. मावशींनी भर सभेत उभं राहून वर्षाची मुदत मागितली: एकेक मादी मी पकडते, ऑपरेशन करून आणते, पुढे एक पिल्लू दिसलं तर माझं नाव बदला. अकरा माद्या होत्या. दर गुरुवारी एक. मावशी पहाटेपासून पिंजऱ्याशी दोरी धरून बसायच्या, गिऱ्हाइकांचे कपडे उशिरा द्यायच्या, बोलणी खायच्या. गुरुवारी मी घरोघरी जाऊन म्हातारी, अंथरुणाला खिळलेली जनावरं तपासते आणि आमच्या मदतनीस बाईंची सुट्टी असते. त्यामुळे मांजरांची ऑपरेशनं बाबा करायचे. एकटे. "मांजरांना गर्दी सोसत नाही," म्हणायचे.

बाबा म्हणजे मोठे डॉक्टर. दवाखाना त्यांचा. मी आठ वर्षांची असताना त्यांनी दाराच्या मुठीला दोरा बांधून मला गाठ शिकवली होती. रक्तवाहिनीची गाठ सुटली की जीव जातो, म्हणून आधी शंभर गाठी मुठीवर, मग जनावराला हात. त्यांच्या हाताखाली मी शिकले आणि त्यांच्या शब्दावर मी डोळे मिटून चालले.

तीन महिन्यांपूर्वी अध्यक्षांनी पुरावा मागितला. मी दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, की वसाहतीतल्या सर्व माद्यांची ऑपरेशनं झालेली आहेत आणि यापुढे त्यांना पिल्लं होणार नाहीत. खाली सही केली. बाबा शेजारीच उभे होते. शिक्का त्यांनीच पुढे सरकवला. ते पत्र मावशींनी सभेत मोठ्याने वाचलं, त्यावर प्लास्टिक चढवून घेतलं आणि दुकानात मशीनच्या वर लावलं.

झालरला पिंजऱ्यात ठेवून मी जिना चढले. घर दवाखान्याच्या वरच आहे. बाबा खिडकीशी वर्तमानपत्र मांडीवर पसरून बसले होते, आई त्यांच्या कपात चहा ओतत होती. अर्धाच. कितीतरी महिने ती त्यांना अर्धा कप चहा देते आणि मी तिला कंजूष म्हणून चिडवते.

"झालर गाभण आहे," मी म्हणाले.

बाबांनी वर्तमानपत्राची घडी करायला घेतली. कडा जुळेनात. कागद सळसळत राहिला आणि मला पहिल्यांदा दिसलं, की त्यांचा उजवा हात थरथरतोय. नुकता सुरू झालेला कंप नव्हता तो, चांगला मुरलेला होता. आईने ते वर्तमानपत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं. तिला सवय होती.

"किती बाबा?" मी विचारलं. "किती मांजरींचे नुसतेच कान कापलेत?"

"सहा."

"अकरातल्या सहा?"

"चार नीट झाल्या. पाचवी मलमल. गाठ सरकली माझी. पोटात रक्त भरलं. दहा मिनिटांत संपली."

मलमलचं हृदय कमजोर होतं असं त्यांनी मावशींना सांगितलं होतं. मलाही तेच. मावशी रडल्या तेव्हा मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, की असतं एखादीचं नशीब.

"पुढच्या गुरुवारी पुन्हा टेबलाशी उभा राहिलो," बाबा म्हणाले. "भूल दिली, केस काढले, सुरी उचलली. नाही जमलं. मारून टाकीन असं वाटलं. मग पट्टी बांधली आणि कान कापला. कानाला एक क्षण पुरतो. तेवढा वेळ हात ऐकायचा माझं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू मला आत येऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"तेच तर," ते म्हणाले.

आई मध्ये पडली. "मीच म्हटलं होतं, इतक्यात सांगू नका. बाकी सगळं तू हातात घेतलंस. कुत्री तू, फ्रॅक्चरं तू, फोन तुला. त्यांना एवढा गुरुवारच उरला होता गं."

"आई, तू पण?"

तिने चहाचं भांडं खाली ठेवलं. म्हणजे दोघांनी मिळून सहा महिने मला ताकास तूर लागू दिली नव्हती. एकाच ताटलीतलं उचलून खाणारी आम्ही माणसं. बाहेरच्याने फसवलं तर शिव्या देऊन मोकळं होता येतं. इथे कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण समोर बसून खाली मान घालून चहाकडे बघत होतं.

"ते सगळं राहू दे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "हात थरथरतो हा तुमचा गुन्हा नाही. मलमल गेली हाही नाही, माझ्याही हातून गेल्यात. पण मी पत्र लिहीत होते तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात. तेव्हा तरी?"

"सांगणारच होतो."

"आणि मग शिक्का पुढे केलात."

मी हात धुवायला आतल्या खोलीकडे वळले आणि तिथल्या दाराच्या मुठीला दोरे लोंबताना दिसले. पंधरा-वीस तरी असतील. प्रत्येक दोऱ्याला गाठ मारलेली. मी एकेक ओढून पाहिली. एकही घट्ट नव्हती. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचाच जास्त संताप आला. धड रागवूही देत नव्हते.

"अध्यक्षांना काय लिहिणार आहेस?" बाबांनी मागून विचारलं.

"खरं."

"माझं नाव..."

"तुमची सही कुठेय त्यावर, बाबा? तुमचं नाव यायचा प्रश्नच नाही."

संध्याकाळी मी मावशींच्या दुकानात गेले. त्या मशीनवर होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: सहा मांजरी, नुसते कान, आणि मलमलचंही. मावशींनी शिवण मध्येच सोडली नाही. कडेपर्यंत नेली, दोरा तोडला आणि मग पाय उचलला.

"मलमलचं हृदय चांगलं होतं म्हणजे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तिला उपाशी ठेवली होती आदल्या रात्री, तुम्ही सांगितलं होतं म्हणून. मला वाटायचं, उपासानेच गेली. माझ्याच हाताने." त्यांनी शिवलेलं कापड उलटसुलट करून पाहिलं. "सहा महिने झाले, हेच वाटतंय मला."

मी म्हणाले, की चूक आमची आहे, सगळी ऑपरेशनं मी स्वतः करीन, अध्यक्षांशी मी बोलते. मी बोलतही होते भराभर, चोर बोलतो तशी.

"पकडायचं कसं?" मावशींनी विचारलं. "एकदा पिंजऱ्यात सापडलेली मांजर परत पिंजऱ्यात पाय ठेवत नाही. पाच तर बाहेर आहेत अजून."

"मग?"

"मग काय. माझ्या हातून खातात, मांडीवर येतात. तेवढाच काय तो भरवसा आहे त्यांचा माणसावर. मानगुटीला धरून पिशवीत कोंबायचं आता." त्यांनी हात वर करून मशीनच्या वरचं पत्र खिळ्यावरून काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "हे घेऊन जा. भिंत मोकळी बरी."

अध्यक्षांना मी नवं पत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे टेलरबाई खोटं बोलल्या नव्हत्या."

"नाही. मी बोलले."

"लोक मात्र त्यांनाच बोलले असते," ते म्हणाले. ते खरं होतं. त्यांनी दोन महिने दिले. एक दिवस वर नाही, म्हणाले. झालर व्यायली की पिल्लं दवाखान्यात राहतील आणि त्यांना घरं मीच शोधीन, हेही लिहून घेतलं. बरोबरच केलं. माझ्या तोंडी शब्दाला आता कोण विचारतंय.

बाबांना मी गुरुवारपासून खाली येऊ नका म्हणून सांगितलं. ते बरं म्हणाले. त्यांनी भांडावं असं मला फार वाटत होतं, पण ते नुसतं बरं म्हणाले. आईने मला हाक मारून जेवायला वाढलं आणि मी जेवले. आमच्याकडे अबोला असाच असतो, ताटासमोर बसून.

नवव्या दिवशी सकाळी मावशी आल्या. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे, दोन जागी खोल. पिशवीत अस्तर होती आणि ती सगळ्या वसाहतीच्या नावाने ओरडत होती.

"पायाशी आली होती, लाडात," मावशी म्हणाल्या. "मानगूटच धरली. आता इतर चौघी दुकानाकडे फिरकत नाहीयेत. बघितलं ना त्यांनी."

मी आधी मावशींचा हात धुतला, औषध लावलं. त्यांनी लावू दिलं. मग अस्तरला भूल दिली, केस काढले, हातमोजे घातले. मी मदतनीस बाईंना आत बोलावलं, तर त्यांच्यामागून मावशीही आत आल्या.

"मावशी, बाहेर बसा. अर्धा तास लागेल."

"मी इथे थांबते."

"बघवणार नाही तुम्हाला."

"बघते."

"अहो, आता काळजीचं कारण नाही," मी म्हणाले. "बाबा खाली येत नाहीत. मीच करतेय."

मावशींनी दरवाजा लोटून घेतला आणि टेबलाच्या टोकाशी येऊन उभ्या राहिल्या, कुणाला लागणार नाही अशा अंतरावर, हात मागे बांधून. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पत्रावर सही तुमची होती, डॉक्टर."

वर लाकडी जमिनीवर बाबांच्या पावलांचा आवाज येत होता, खिडकीपासून दारापर्यंत आणि परत. मला वाटत होतं फसवलं गेलं ते मला. मावशींच्या लेखी मी आणि बाबा एकच दवाखाना होतो.

"पोट शिवलेलं बघून जाईन मी," त्या म्हणाल्या. "पाचही जणींचं. कानाचं मला काही सांगू नका."

मी सुरी उचलली. आणि मग ती खाली ठेवून, वरचा दिवा थोडा मावशींच्या बाजूला वळवला, म्हणजे त्यांना नीट दिसेल.