दुर्बिणीने दोनदा पाहिलेले पोट

मी एक जुनी दुर्बीण आहे. पण मित्रांनो, चंद्र-तारे मी कधी पाहिले नाहीत. मी पाहिली ती माणसांची पोटे. पेन्सिलीएवढी पोलादी नळी आणि आत काचेची भिंगे, एवढाच माझा देह. बेंबीजवळच्या लहानशा छेदातून मला आत सोडत आणि मला दिसे ते पडद्यावर उमटे. आत शिरताच भिंगावर वाफ धरू नये म्हणून नर्सताई मला आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवी.

हर्नियाची कामे तर माझ्या अंगवळणी पडली होती. पोटाच्या भिंतीतल्या भोकावर जाळी बसवायची, तिच्यावर आतले अस्तर ओढून शिवायचे. माणूस दुसऱ्या दिवशी चालत घरी. माझे कौतुक होई.

एकदा पिठाची पोती उचलणारा एक बेकरीवाला आला. त्याचेही काम छान पार पडले. पण थोड्याच दिवसांत तो पुन्हा टेबलावर होता. पोट तट्ट फुगलेले, ओठ सुकलेले.

"उलट्या होत होत्या, तर फोन का नाही केला?" सर्जनबाईंनी विचारले.

"वाटलं, गॅस असेल. तुम्हाला कशाला त्रास? बायकोनं अक्षरशः ओढत आणलं."

"शिवलेल्या जागी आतडं अडकलंय. क्वचितच होतं असं. मीच शिवलं होतं, मीच सोडवते."

"आतडं कापावं लागेल का?"

"आत बघितल्याशिवाय नाही सांगता येणार."

त्याला भूल दिली आणि मी आत गेले. अस्तराच्या दोन टाक्यांमध्ये फट पडली होती. तिच्यात आतड्याचा एक वेढा घुसून आवळला गेला होता, पार काळानिळा. बाईंनी फट मोठी करून वेढा अलगद बाहेर काढला, कोमट पाण्याने शेकला. मग रंग परततो का, ते सगळे बघत राहिले. बऱ्याच वेळाने एका कडेला गुलाबी छटा आली, ती पसरत गेली आणि आतडे हळूच वळवळले.

"राहू दे. जगलंय," बाई म्हणाल्या. त्यांनी फट पुन्हा शिवली, टाक्याला टाका लागून.

आता माझी भिंगे धुरकट झाली आहेत. नवी दुर्बीण आली, मी कपाटात पडून असते. त्याचे फारसे वाईट वाटत नाही. मित्रांनो, मागणे एकच आहे. घरात कोणाचे असे ऑपरेशन झाले आणि नंतर पोट फुगले, उलट्या थांबेनात, तर तो माणूस म्हणेल, "काही नाही, होईल बरं." त्याचे ऐकू नका. त्याला उठवा आणि दवाखान्यात न्या.