ओरिनच्या माशाचा पर

या आठवड्याचा नदीचा हालहवाल. लाकडी पुलाजवळच्या आमिषाच्या दुकानातून, मर्ना.

पाणी. उतरतंय. गाळ बसला, रंग हिरवा झाला, गुडघाभर पाण्यातले दगड दिसायला लागले. समुद्रातून नदीत परतणाऱ्या स्टीलहेड माशाला असंच पाणी लागतं.

सॅमन. संपले. उरलेत ते अंडी घालून थकलेले, पांढरे पडून काठाला लागलेले. त्यांना सुखानं मरू द्या.

स्टर्जन. खाली खाडीत, ओहोटीला, कोळंबीच्या आमिषावर. धरा, बघा, सोडा.

स्टीलहेड. काल ओरिनला खालच्या वळणावर तळ्यातला नर मिळाला, हातभर लांब. अभिनंदन, म्हाताऱ्या!

वरचं स्टीलहेडचं खोडा. पुन्हा लिहिते.

स्टीलहेड. नव्यांसाठी सांगते. सरकारी तळ्यात वाढवलेल्या पिल्लांचा शेपटीअलीकडचा, पाठीवरचा छोटा पर नदीत सोडण्याआधीच कापतात. मासा समुद्रातून परततो तेव्हा तिथे जुना, गुळगुळीत वण असतो. तो घरी न्या. पर शाबूत असेल तर मासा नदीचा, इथेच जन्मलेला. त्याला पाण्यातच सोडायचं. नदीचा एक जरी मारला, तर पुढचा हिवाळाभर नदी मासेमारीला बंद. सगळ्यांनी मिळून ठरवलंय. ओरिन हा नियम पाळेल असं लोकांना वाटत नव्हतं, म्हणून त्याला खालच्या वळणावर उतरू द्यायला ते तयार नव्हते. मी उभी राहिले, म्हणाले, "त्याची हमी माझी." माझा नवरा गेल्यापासून माझी होडी तोच हाकतो.

काल त्यानं मासा बर्फात दाखवला. पाठ खाली.

"तुझ्या नवऱ्याला जन्मात मिळाला नसता असला!"

"मिळाला असता तर त्यानं आधी तुला दाखवून रडवलं असतं."

धुरी द्यायला मासा माझ्याकडेच ठेवून गेला. आज सकाळी धुवायला उलटा केला. पर नव्हता. वणही नव्हता. ताजी जखम होती, कडा लाल, चाकूची.

कॉफीला आला, तसा त्याच्यापुढे मासा ठेवला.

"दगडाला घासला असेल गं."

"दगडाकडे चाकू असतो का रे?"

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा थांबला.

"मर्ना, गळ खोल गेला होता. मेलाच असता. वाया घालवायचा?"

"मग मला सांगायचं होतंस."

"तू लिहिलं नसतंस." त्यानं कप खाली ठेवला. "तू तळ्यातला म्हणून लिहिलंस की कोण मासा उलटून बघतंय? म्हणून तर तुझ्याकडे आणला."

हमी दिली तेव्हाही माझ्या मनात नेमकं हेच होतं. मर्नानं एकदा शब्द दिला, की कोण उलटून बघतंय.

"आता काय लिहिणार आहेस?" त्यानं विचारलं. माझ्या होडीची किल्ली दुकानातल्या खिळ्याला परत टांगली आणि उत्तराला थांबला नाही.

स्टीलहेड. एक. नदीचा, मारलेला. मारणारा ओरिन. हमी देणारी मर्ना.

पाणी. याहून चांगलं या हिवाळ्यात झालं नव्हतं. गळ टाकून घ्या. पुढच्या हिवाळ्यात मी दुकान उघडीन, पण लिहायला काही नसेल.