खिळ्यांचं रान

सुतारमामांच्या कारखान्याला एक खिडकी होती. कारखाना म्हणजे घराची मागची खोली, पण 'खोली' म्हटलं की मामांच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा, तेव्हा कारखानाच म्हणू. त्या खिडकीसमोर रान पसरलं होतं आणि रानापलीकडे मामांच्या थोरल्या बहिणीचं घर. ताईने जोरात हाक मारली तर ऐकू यावी इतकं जवळ. जायचं झालं तर मात्र डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा, कारण रानात सुरुंग होते. जुन्या लढाईत कुणीतरी पेरून ठेवले होते. लढाई मिटली, पेरणारे आपापल्या घरी गेले, पीक तेवढं जमिनीत राहिलं.

ताई रोज सकाळी अंगणातल्या दोरीवर पांढरी चादर टाकायची. चादर दिसली की ताई ठीक आहे, असं समजून मामा करवत हातात घ्यायचे. हल्ली ती दिसेपर्यंत त्यांचं कशात लक्ष लागत नसे. ताईचं हृदय दगा देऊ लागलं होतं. "पुढचा झटका आला तर तासा-दीड तासात मोठ्या दवाखान्यात पोचायला हवं," असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि मोठा दवाखाना होता मामांच्या गल्लीच्या टोकाला. डोंगराच्या रस्त्याने गाडी कितीही दामटली तरी अडीच-तीन तास ठरलेले.

"माझ्याकडे राहायला ये," असं मामांनी शंभरदा सांगून पाहिलं.

"हातपाय चालतात तोवर माझी चूल माझीच," ताईचं उत्तर ठरलेलं. वर आणखी, "आणि तुझी ठोकठोक कोण ऐकणार रे दिवसभर?"

मग एक दिवस सैन्याची इंजिनिअर रेजिमेंट आली. सैन्य म्हणजे बंदुका, एवढंच मामांना ठाऊक. हे लोक उतरले ते फावडी, फळ्या, पाइप आणि लोखंडी सांगाडे घेऊन. डोंगराच्या रस्त्यावरचा पूल पुरात वाहून गेला होता. त्यांनी काठावरच नवा पूल जोडला आणि 'हो-हो' करत सगळ्यांनी मिळून तो दरीवर पुढे ढकलत नेला. खाली आधार नाही, वर दोर नाही, आणि एवढं लोखंड हवेत सरकत सरकत पलीकडच्या काठाला जाऊन टेकलं! मामांनी ते पाहिलं आणि त्या रात्री अचंब्याने त्यांना धड जेवण गेलं नाही. पुलापाठोपाठ ताईच्या वस्तीत पाण्याचा नळ आला. मग पलटणीने ताईच्या बाजूला तंबू ठोकले आणि रान साफ करायला घेतलं.

"चार दिवसांत पूल उभा करणारी माणसं," मामा बायकोला म्हणाले, "रानाचा तर आठवड्यात फडशा पाडतील."

कसला फडशा! महिने लोटले. जाड जाकीट घातलेली, तोंडावर काचेचा पडदा ओढलेली माणसं रानात पालथी पडून राहायची. यंत्र फिरवायचं, ते किंचाळलं की तिथे झोपायचं, सळई तिरकी धरून माती चाचपायची, बोटांनी चिमूट चिमूट उकरायची. साफ झालेल्या जमिनीच्या कडेला पांढरी फीत लागायची आणि ती फीत मुंगीच्या पावलांनी गल्लीकडे सरकायची. त्यातही एक पोरगी होती, मामांच्या खिडकीच्या रेषेत काम करणारी. तिची चाल बघून मामांनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं.

फीत खिडकीजवळ आली तशी मामांनी फितीपलीकडे उभ्या असलेल्या पलटणीच्या कॅप्टनसाहेबांना खिडकीतूनच गाठलं.

"साहेब, रागवू नका, पण तुमची माणसं काम करतात की डुलक्या काढतात? माझी बहीण तिकडे एका झटक्यावर बसलीय!"

कॅप्टन हसले नाहीत की चिडले नाहीत. "मामा, यंत्राला फक्त लोखंड कळतं. सुरुंग की भंगार, ते कळत नाही. म्हणून दर वेळी सुरुंगच आहे असं धरून उकरावं लागतं. तिकडे लवकर सरकलो. तुमच्या गल्लीकडे आलो आणि यंत्राचं रडणं थांबेना." त्यांनी एक पत्र्याची पेटी उचलून दाखवली. "हे बघा, काय निघतंय."

पेटीत खिळे होते. गंजलेले, वाकलेले, डोकं चेपलेले, शेकड्यांनी. मामांनी एकच खिळा पाहिला आणि ओळखला. आपल्या हाताने वाकलेला खिळा सुतार ओळखत नाही असं कधी होतं? जुनी लाकडं सोडवायची, वाकडा खिळा उपटायचा आणि न बघता खिडकीबाहेर भिरकावायचा. वर्षानुवर्षं हेच. रानात जातंय कोण, लागतोय कुणाला!

"डब्यात टाका, डब्यात टाका म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते," बायको मागून म्हणाली. आपणच बहिणीच्या वाटेत काटे पेरले, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर चारच दिवसांनी, ऐन सकाळी, रानात शिट्टी वाजली. काम थांबलं. पलीकडे माणसं ताईच्या अंगणाकडे धावताना दिसली. दोरीवर चादर अर्धीच पसरलेली होती आणि तिच्याखाली ताई पडली होती.

पलटणीच्या आरोग्यसेवकाने नाडी धरली, औषध दिलं आणि कॅप्टनकडे पाहून मान हलवली. डोंगराच्या रस्त्याने नेण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता. ताईला स्ट्रेचरवर घेऊन चौघे साफ केलेल्या रानातून निघाले आणि भराभर चालत पांढऱ्या फितीपाशी येऊन थांबले. फितीपासून मामांच्या मागच्या दारापर्यंत खाटेच्या लांबीएवढी जमीन उरली होती. गल्लीत दवाखान्याची गाडी येऊन उभी राहिली. मधे तेवढीच जमीन.

गोगलगायीने तोंडावरचा पडदा खाली ओढला आणि ती एकटी पालथी झाली. बाकी सगळे मागे हटले.

यंत्र किंचाळलं. तिने सळई काढली.

"अगं, माझेच खिळे आहेत ते!" मामा खिडकीतून ओरडले. "मी टाकलेत! शपथ घेऊन सांगतो! चला वरून, मी येतो पुढे!" आणि त्यांनी एक तंगडी खिडकीबाहेर काढलीसुद्धा.

"मामा, पाय आत!" कॅप्टनचा आवाज असा आला की तंगडी आपसूक आत गेली. "मागचं दार उघडा. पण ठोकाठोक नको, जमीन हादरता कामा नये."

पोरीने मान वर केली नाही. "असतील तुमचे," ती एवढंच म्हणाली. "मला बघावं लागेल."

ते दार मामांनीच फळ्या मारून कायमचं बंद केलं होतं. आता पटाशी घालून ते एकेक फळी सैल करू लागले, आवाज न करता, श्वास रोखून. फळ्यांच्या फटीतून त्यांना तिचे हात दिसत होते. खिळा निघाला. डब्याचं झाकण निघालं. पुन्हा खिळा. प्रत्येकाला तीच बोटं, तीच सावकाशी, जणू प्रत्येक खिळा तिचा जीव घ्यायलाच बसला होता. पलीकडे ताईचा चेहरा राखेसारखा झाला होता. मामांना ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायची भीतीही वाटत होती.

मग तिची बोटं थांबली.

तिने माती फुंकरीने बाजूला केली. मामांच्या दोन वाकड्या खिळ्यांच्या मधोमध हिरवट, गोल कडा उघडी पडली, बरणीच्या झाकणाएवढी. मघाशी मामांचा पाय जिथे टेकला असता, तिथून हातभर अंतरावर. मामांच्या हातातली पटाशी गळाली असती, ती त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली. तिची पाठ जराही हलली नाही. तिने हात वर करून कॅप्टनला खूण केली, बाजूला लाल झेंडी रोवली, अंग तसूतसूने उजवीकडे सरकवलं, आणि पुन्हा यंत्र, पुन्हा सळई, पुन्हा चिमूटभर माती. घाई नाही. मृत्यूच्या शेजारी पडूनही घाई नाही! असं काम मामांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आयुष्यभर आपण फक्त लाकूड कापलं, असं त्यांना वाटून गेलं.

शेवटची फळी निघाली तेव्हा तिची पांढरी फीत उंबऱ्याला लागली होती.

स्ट्रेचर लाल झेंडीच्या कडेने, एकामागे एक पाऊल टाकत, कारखान्यातून थेट गल्लीत गेलं. गाडीत चढताना मामांनी वळून पाहिलं. पोरगी उंबऱ्यात बसली होती. मामींनी दिलेला पाण्याचा पेला तिला धरता येत नव्हता. पाणी जाकिटावर सांडत होतं, शेवटी मामींनीच पेला तिच्या ओठांना लावला.

"अगदी वेळेवर आणलंत," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. दुपारी ताईने डोळे उघडले, भावाकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "चादर वाळली का रे?" मामा तिथेच, सगळ्यांसमोर, लहान पोरासारखे रडले.

संध्याकाळी ते घरी आले. रानात कॅप्टन झेंडीभोवती वाळूची पोती रचून घेत होते, सुरुंग उद्या उडवायचा होता. कारखान्यात पोरगी भुशाच्या ढिगावर झोपली होती, बूट पायात, तोंड उघडं, गाढ. मामींनी अंगावर शाल टाकली होती. मामा ठोकायचं काम हातात न घेता शेजारी पाटावर नुसते बसून राहिले.

इतक्यात पुढच्या दारातून गिऱ्हाईक आलं, आवाज चढवतच. "काय मामा, माझ्या कपाटाचं काय झालं? अजून किती वेळ लावणार?"

मामा लगबगीने उठले, ओठांवर बोट ठेवून त्याला बाहेर नेलं आणि मागे दार अलगद ओढून घेतलं.

"लागेल तेवढा," ते हळूच म्हणाले.