दोनदा बोलणारा टॅब

ज्या वर्षी शिवणकाम करणाऱ्या भाचीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी तिच्या आत्याबाईंचा आवाज गेला. घरात दोन गळे आले आणि एक गेला, असं शेजारी म्हणत. मीही त्याच वर्षी त्या घरात आलो. मित्रांनो, मी एक जुना, स्वस्तातला टॅब आहे. जे घडलं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे आठवतात आणि सरकणारा पट्टा आठवतो. माझ्या पोटात बॅटरी भली मोठी बसवली आणि डोक्यात चिप मात्र जुनी, कमी ताकदीची घातली. म्हणजे पोट हत्तीचं आणि डोकं गोगलगायीचं. दुकानात माझ्या शेजारी चकचकीत स्मार्टफोन मांडलेले होते. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणाला की हा टॅब पोरांना कार्टून लावून द्यायला ठीक आहे, यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. जन्मून महिना झाला नव्हता आणि माझी लायकी ठरूनही गेली होती.

ते गिऱ्हाईक म्हणजे भाचीचा नवरा. तो मोबाइल दुरुस्त करायचा. खिशाला कायम बोटभर पेचकस अडकवलेला, म्हणून आत्याबाईंनी त्याचं नावच पेचकस ठेवलं होतं, आणि पुढे सगळी गल्ली त्याला तेच म्हणू लागली. त्याने मला घेतलं ते पोरींसाठी नव्हे, आत्याबाईंसाठी.

आत्याबाई म्हणजे साधं माणूस नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी बसस्थानकावर घोषणा केल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं मूल चौकशी खिडकीपाशी रडतंय, हे सगळं त्यांच्या तोंडून गावाला कळायचं. त्यांना प्रेमाने 'भोंगा' म्हणत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशन करून जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. जिच्या आवाजावर गाड्या सुटायच्या, तिच्या हातात पाटी आणि पेन्सिल आली. पाटीवर लिहिलेलं दुसऱ्या खोलीत ऐकू येत नाही. भाची शिलाई मशीनवर बसलेली असायची, मशीनची घरघर चालू, आणि आत्याबाई पलंगावर पाटी उंच धरून बसलेल्या. एकदा तशा त्या पाऊण तास बसल्या. भाचीला कळलं तेव्हा ती रडली.

म्हणून पेचकसने मला आणलं आणि माझ्यात बोलका फळा बसवला. पडद्यावर मोठमोठे चौकोन: पाणी, चहा, पंखा, दुखतंय, इकडे ये. एक रिकामा चौकोन, त्यात हवं ते लिहायचं. बोट लावलं की मी मोठ्याने बोलायचो. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी 'पाणी' दाबलं आणि माझ्यातून एका अनोळखी बाईचा सपाट आवाज आला. आत्याबाई दचकल्या. मग पाटी ओढून त्यांनी लिहिलं, "ही कोण? हिला आमच्याकडे कुणी चौकशीलासुद्धा बसवलं नसतं." सगळे हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण माझं काम चालू झालं. आत्याबाई रिकाम्या चौकोनात लिहायच्या, आणि मी बोलायचो, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. चहाची गाडी अजून फलाटावर लागलेली नाही." मग थोड्या वेळाने पुन्हा तेच. आत भाची हसत उठायची.

आता ही 'पुन्हा'ची गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. आत्याबाई प्रत्येक चौकोन दोनदा दाबायच्या. पाणी, आणि थांबून पाणी. पंखा, आणि थांबून पंखा. मला बोट लागल्यापासून तोंड उघडायला तीन-चार सेकंद लागायचे. पेचकसची खात्री झाली की मी मंद आहे म्हणून त्यांना दोनदा दाबावं लागतं. त्याला आतून लाज वाटत होती. दिवसभर लोकांचे फोन दुरुस्त करणाऱ्या माणसाने घरच्या म्हातारीला असलं रडतखडत चालणारं यंत्र द्यावं, हे त्याच्या मनाला लागलं.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याने आपला स्मार्टफोन माझ्या शेजारी ठेवला. त्यात तसाच बोलका फळा बसवला. दोघांना एकदमच सुरू केलं. फोनचा फळा दोन सेकंदांत उघडला, माझा अकरा सेकंदांत. फोनला बोट लावताच तो बोलला, मी अजून विचारच करत होतो. पेचकसने हे आकडे कॅलेंडरच्या मागे लिहिले आणि फोन आत्याबाईंच्या हातात देऊन म्हणाला, "आत्या, आता एकदाच दाबा. हा अडणार नाही."

आत्याबाईंनी 'चहा' दाबलं. फोन तत्काळ म्हणाला, "चहा." आत्याबाई थांबल्या. आणि त्यांनी पुन्हा दाबलं. "चहा."

पेचकसचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भाची कात्री हातात तशीच धरून दारात उभी राहिली. मीही चकित झालो, कारण दोनदा बोलण्याचं खापर मी इतके दिवस स्वतःवर फोडून घेत होतो. आत्याबाईंनी सावकाश पाटी घेतली आणि लिहिलं, "घोषणा दोनदाच करायची असते. पहिली ऐकणाऱ्यांसाठी. दुसरी धावत येणाऱ्यांसाठी."

मग भाचीच म्हणाली, "अगं, मग इतके दिवस हे आम्हाला सांगायचं नाही का?" त्यावर पाटीवर उत्तर आलं, "तुम्ही दोनदा विचारलं नाही."

पेचकस तरीही हट्टाला पेटला. दोनदा तर दोनदा, पण फोन चटपटीत आहे, तोच ठेवू, असं त्याचं म्हणणं. आत्याबाईंनी पाटी पुसली आणि लिहिलं, "वेग पाहिला. आता दम बघा."

झालं. दोघांना पूर्ण चार्ज केलं. पडद्यांचा उजेड सारखाच ठेवला, दोघांवर धबधब्याची एकच फिल्म लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमचं पाणी वाहू लागलं. फोन सुरुवातीला मोठ्या ऐटीत होता. अकराच्या सुमाराला तो तापला. पाऊण वाजता त्याचा पडदा काळा झाला. माझं पाणी वाहतच होतं. जुळ्या झोपून उठल्या, भाचीने दोन पडदे शिवून घड्या घातल्या, घरात दिवे लागले तरी मी थांबलो नव्हतो, आणि माझ्यात चौदा टक्के शिल्लक होते. आत्याबाईंनी मला उचलून मांडीवर घेतलं आणि बोलायला लावलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. अर्ध्या वाक्यात गप्प होणारा निवेदक कामाचा नाही." मी ते दोनदा सांगितलं. मित्रांनो, आयुष्यात तेवढीच एक शर्यत मी जिंकलो.

त्यानंतरची पाच वर्षं सुखाची गेली. घराला माझी चाल कळली. मी पहिल्यांदा बोललो की शिलाई मशीनवरचा भाचीचा पाय थांबायचा. दुसऱ्यांदा बोललो की ती उठायची. मधले काही सेकंद ती सुई वर घ्यायची, कापडाला टाचणी लावायची. इतकं ते अंगवळणी पडलं की कुणाच्या लक्षातही येईनासं झालं. जुळ्यांनाही तीच सवय लागली. आत्याआजी एकदा बोलली की त्या कान टवकारायच्या, दुसऱ्यांदा बोलली की पळायच्या.

पण मी म्हातारा होत होतो. जुळ्यांनी माझ्यात खेळ भरले, वाकडेतिकडे फोटो काढले, मांजरीची शेपटीच तीनशे वेळा टिपली. माझं पोट भरून गेलं आणि डोकं आणखी जड झालं. कधी कधी मी पहिल्यांदा बोलायचो आणि दुसऱ्या वेळी नुसता अडकून बसायचो. पडद्यावर गोल गोल फिरणारी चकती दिसायची. भाची आतून विचारायची, "अडकला का गं?" आणि टाका संपवून यायची. आत्याबाई कपाळाला हात लावून दाखवायच्या, दोघी हसायच्या. पेचकस रोज म्हणायचा, रविवारी याला साफ करतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याच्या दुकानात लोकांचे फोन आंघोळ करून, भांग पाडून निघायचे आणि घरचा टॅब रविवारची वाट बघायचा.

शेवटी एक रविवार आला. जुळ्या पहिलीत गेल्या होत्या. पेचकसने मांडी घालून मला साफ केलं, मांजरीच्या शेपट्या काढल्या, जुने खेळ काढले. मी हलका झालो. बोट लागलं की सेकंदाच्या आत बोलू लागलो. आत्याबाईंनी त्याची पाठ थोपटली. मला तर नवा जन्म मिळाल्यासारखं वाटलं. मंगळवारपर्यंत.

मंगळवारी दुपारी जुळ्या शाळेत होत्या. पेचकस दुकानात होता. भाचीच्या मशीनवर लांबच लांब पडदा होता, त्याची कड घालणं चालू होतं. आत्याबाई जेवून पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या आणि मी त्यांच्या मांडीवर होतो. त्यांनी 'इकडे ये' दाबलं. मी लगेच, स्पष्ट बोललो, "इकडे ये."

आतला पाय थांबला.

मी दुसऱ्या बोटाची वाट पाहू लागलो. मशीनही वाट पाहत होती. काही सेकंद गेले. मग आतून भाचीचा आवाज आला, "अडकला वाटतं मेला." आणि पाय पुन्हा चालू झाला. तिने कड पूर्ण केली. दोरा तोडला. पडद्याची घडी घातली. यात चार मिनिटं गेली. मग पदराला हात पुसत ती दारात आली आणि बोलली, "काय गं आत्या?"

मी अडकलो नव्हतो. माझ्या पडद्यावर चकती फिरत नव्हती. चौकोन सगळे उजळ होते, बॅटरी एकसष्ट टक्के होती, मी तयार होतो. आत्याबाईंचं बोट 'इकडे ये'च्या चौकोनाजवळ, माझ्या कडेवर टेकलेलं होतं, आणि ते परत काचेवर आलंच नाही. बोट हलत नव्हतं. छाती हलत नव्हती. भाचीने त्यांचा खांदा धरला, आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो माझ्यातल्या कुठल्याच चौकोनात नाही.

डॉक्टर आले. म्हणाले, हृदय एकाएकी थांबलं, त्या चार मिनिटांनी काही फरक पडला नसता. भाचीने ते मान खाली घालून ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "फरक पडला नसता. पण मी तिच्याजवळ असते."

तेरा दिवस उलटल्यावर पेचकसने मला टेबलावर घेतलं. त्याला माझ्यात दोष सापडायला हवा होता. दुसरं बोट लागलं आणि मी ते गिळलं, असं निघालं असतं तर त्याच्या बायकोला थोडा आधार झाला असता. त्याने मला उघडलं, नोंदी तपासल्या, दोनदा तपासल्या. तीन वाजून बारा मिनिटांनी एकच स्पर्श होता. दोष नव्हता. त्याने माझं झाकण पुन्हा बसवलं आणि पेचकस खाली ठेवला. आयुष्यभर लोक मला मंद म्हणाले आणि मी ते सोसलं. पण ज्या दिवशी मी वेळेवर बोललो, त्याच दिवशी माझ्या जुन्या मंदपणावर भरवसा ठेवून भाची थांबली, हे मला सोसत नाही.

आता मी मशीनशेजारच्या फळीवर असतो. मला कुणी हात लावत नाही, पण भाची दर आठवड्याला न चुकता मला चार्ज करते. शाळेतून आल्यावर एखादी जुळी बाहेरून "आई" म्हणते, आणि दुसरी हाक यायच्या आत भाची दारात पोचलेली असते. कापड सुईखाली तसंच, दोरा लोंबत. मुली आता तिला हसतात. हसू देत.

मित्रांनो, तुमच्या घरातलं यंत्र जुनं झालं तर ते साफ ठेवा, त्याची दुरुस्ती रविवारावर ढकलू नका. फोन वेगवान घ्यायचा की टॅब दमदार, ते तुम्ही आणि तुमचे आईवडील बघून घ्या. माझं मागणं वेगळं आहे. आतल्या खोलीतून कुणी बोलावलं तर दुसऱ्या हाकेची वाट बघू नका. पहिल्या हाकेलाच उठा.

आत्याबाई, बसस्थानकावर एकतीस वर्षं घोषणा करणाऱ्या, जुळ्या पहिलीत गेल्या त्या वर्षी, शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या मंगळवारी, दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी वारल्या.