रडण्याचा दर

पैनगंगेअलीकडच्या गोरेगावच्या सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. शिक्षक कधीच नव्हतो, तरी गावात आणि आसपासच्या बंजारा तांड्यांवर मला गुरुजी म्हणतात. सुरुवातीला दोन-तीनदा दुरुस्त करून पाहिलं, मग सोडून दिलं. निवृत्तीनंतरही सकाळी वाचनालयात जाऊन बसायची सवय सुटली नव्हती. तिथंच दोन हजार नऊ सालच्या दिवाळीनंतर एके दिवशी प्रेमसिंग राठोड आणि त्यांची बायको रूपाबाई आत आले.

दोघं चार किलोमीटरवरच्या तांड्यावरून चालत आले होते. प्रेमसिंगांनी खिशातून रुमाल काढला आणि त्यात गुंडाळलेला मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. मुलगा दिपक पुण्याच्या कंपनीत कामाला होता, त्यानं गावच्या माणसाबरोबर पाठवला होता. मुलगी रीता उन्हाळ्यात लग्न होऊन पैनगंगेपलीकडे पुसदजवळच्या एका तांड्यावर गेली होती. सहा महिने झाले, भेट नव्हती. सासरी तिच्याकडेही मोबाईल आला होता. आता दोन्हीकडे मोबाईल आहेत म्हटल्यावर बोलायचं, एवढंच. पण गोरेगावच्या दुकानात रिचार्ज मागायला गेले तर त्यांच्या हातात चार छापील कागद पडले आणि यातला कोणता पाहिजे म्हणून विचारलं गेलं.

"तुमी जन्मभर वाचूनच राहिले," प्रेमसिंग म्हणाले. "हे बी वाचा. कोणता कागद आपल्या कामाचा, तेवढं सांगा."

मला नाही म्हणायला हवं होतं. माझ्याकडे मोबाईल नव्हता. पण वाचनालयात पुस्तक मागायला येणारी माणसं कमी होत चालली होती आणि मला विचारून कुणी काही ठरवावं असं फार वर्षांत झालं नव्हतं. मी दोन दिवस मागून घेतले.

चार योजना होत्या. पहिलीत मिनिटाला पन्नास पैसे, पण त्यासाठी आधी तीस रुपयांचं एक वेगळं कार्ड मारायचं. दुसरीत सेकंदाला एक पैसा, जेवढं बोलाल तेवढंच. ही त्याच दिवसांत नवीन निघाली होती आणि तिचा फार बोलबाला होता. तिसरीत रात्री अकरानंतर बोलणं फुकट. तांडा आठ वाजता झोपतो, म्हणून ती मी लगेच बाजूला ठेवली. चौथीत एका कॉलला एक रुपया, मग कितीही वेळ बोला. तिचं कार्ड एकोणचाळीस रुपयांचं होतं.

लोक किती वेळ बोलतात हे कळल्याशिवाय निवड करणं मला बरोबर वाटेना. म्हणून मी सीमाच्या दुकानात जाऊन बसलो. सीमा ही जीपच्या थांब्यासमोर दुकान चालवणारी गावची सून. आधी तिथं तिचा एसटीडी बूथ होता. आता त्या काचेच्या केबिनमध्ये कांद्याची पोती होती आणि बाहेर मोबाईलचा धंदा. स्टुलावर बसून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मी दोन दिवसांत सेहेचाळीस कॉल मोजले. सीमाला हसू आवरत नव्हतं.

"गुरुजी, कंपनीनं छापलेलं आजपावतो कुणी वाचलं न्हाई," ती म्हणाली. "तुमीच पहिले. कंपनीला कळवू का?"

सेहेचाळीस कॉल सरासरी एक्केचाळीस सेकंदांचे निघाले. निघालो, पोचलो, भाव काय फुटला, जीप भरली का, बस्स. मी पट्टीनं रेघा मारून तक्ता केला. सेकंदाला एक पैशाची योजना सगळ्यांत स्वस्त ठरली. कॉलला एक रुपया ही सगळ्यांत महाग. तिच्यावर मी लाल शाईनं फुली मारली आणि तक्ता प्रेमसिंगांना दाखवला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि समाधानानं मान डोलावली. दहाचा रिचार्ज मारला. साडेसात रुपयांचं बोलणं मिळालं. साडेसातशे सेकंद म्हणजे साडेबारा मिनिटं. माझ्या हिशेबानं अठरा कॉल.

पहिला कॉल लावताना मी हवा, असा रूपाबाईंचा आग्रह होता. तांड्यावर रेंज फक्त सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर येत होती. दुपारची वेळ होती. रूपाबाई ओट्यावर बसल्या. मी नंबर लावून दिला. पलीकडून "याडी" अशी हाक ऐकू आली. आईला त्यांच्या बोलीत याडी म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. रूपाबाईंनी पदर तोंडावर ओढला आणि मोठ्यानं रडायला लागल्या.

मला वाटलं, काहीतरी वाईट बातमी असणार. मी प्रेमसिंगांकडे पाहिलं तर ते निवांत तंबाखू चोळत होते. मग लक्षात आलं की रडण्याला सूर होता, ओळी होत्या. लेक निघाली त्या दिवशी गाईनं चारा खाल्ला नाही, चुलीपाशी तिची जागा मोकळी आहे, असं काहीसं. पलीकडून रीतानंही तसाच सूर धरला. प्रेमसिंगांनी मला समजावलं की त्यांच्या बायका खूप दिवसांनी भेटल्या की आधी गळ्यात पडून अशाच रडतात. त्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. एकतीस वर्षं या तांड्यांच्या शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं.

रूपाबाईंचं होतंय तोवर त्यांची जाऊ मिराबाई धावत आली. पुतणी भेटली आणि काकू रडली नाही, असं कसं चालेल? तिनं मोबाईल घेतला. तिच्यामागे शेजारच्या दोघी. प्रत्येकीचं वेगळं रडणं, आणि प्रत्येकीला रीताचं उत्तर. शेवटी मोबाईल पुन्हा रूपाबाईंकडे आला. त्यांनी तोंडावरचा पदर काढला, डोळे पुसले, मांडी नीट घातली आणि अगदी हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "हां. आता सांग गं, रीता."

मोबाईल बंद पडला होता. साडेबारा मिनिटं संपली होती.

प्रेमसिंगांनी दुसऱ्या दिवशी आणखी दहाचा रिचार्ज मारला. या वेळी मी फार भीतभीत रूपाबाईंना सुचवलं की रडणं एकदा झालेलंच आहे, तर आज थेट बोलायला सुरुवात केली तर. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पुस्तकाची पानं फाडायला सांगितली होती.

"गुरुजी, कालचं रडणं अर्ध्यात तुटलं," त्या म्हणाल्या. "ते पुरं न करता पोरीला काय इचारू? भाजी काय केली म्हणून? तिची सासू म्हणंल, हिच्या मायच्या काळजात काहीच न्हाई."

कालचं पुरं झालं. मग आदल्या दिवशी शेतात गेलेल्या बायका आल्या. त्यांचंही झालं. मोबाईल पुन्हा बंद पडला. रूपाबाई पदर सावरून बोलायला तयार बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

प्रेमसिंग मात्र बोलले. रडायचं काम आजवर फुकट होतं, गुरुजींनी त्याला सेकंदाचा दर लावला, असं ते ओट्यावरच्या सगळ्यांना सांगू लागले आणि लोक हसू लागले. मीही हसलो. दुसरं काय करणार? मग ते गंभीर झाले.

"आणखी एक बार पैसे टाकतो. तवा बी बोलणं न्हाई झालं, तर येत्या बाजारी हा मोबाईल विकतो अन् शेळी घेतो. शेळी बरी. लेंड्या टाकते, दूध देते. दिपकला सांगू, मोबाईल काही आमच्या कामाचा न्हाई."

बाजार तीन दिवसांवर होता. मोबाईल गेला असता तर रूपाबाईंना लेकीचा आवाज ऐकायला होळीपर्यंत थांबावं लागलं असतं. आणि तेही तिच्या सासरच्यांनी पाठवलं तर. रूपाबाईंनी मोबाईल रुमालात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. जणू आता तो माझ्याच जबाबदारीवर होता.

मी वाचनालयात येऊन तक्ता पुन्हा काढला. चूक गणितात नव्हती. सेहेचाळीस कॉल बरोबर मोजले होते. पण ते जीपच्या थांब्यावरच्या पुरुषांचे कॉल होते. कुठं तरी निघालेल्या, घाईतल्या माणसांचे. त्यांतली एकही बाई आपल्या लेकीशी बोलत नव्हती. मी माप चुकीच्या माणसांचं घेतलं होतं आणि त्यावरून एका आईला कपडे शिवून दिले होते. तक्त्यावर लाल फुली मारलेली चौथी ओळ मी बराच वेळ बघत राहिलो. कॉलला एक रुपया, मग कितीही वेळ बोला.

पण कंपनीच्या छापील कागदावर त्या ओळीच्या शेवटी एक बारीक चांदणी होती आणि तळाशी त्याहून बारीक अक्षरांत अटी. माझा स्वतःवर आता अजिबात विश्वास उरला नव्हता. पुसद यवतमाळ जिल्ह्यात. जिल्हा बदलला तर दर बदलेल का? कितीही वेळ म्हणजे खरोखर कितीही, की त्यालाही कुठं मर्यादा? मी भिंग घेऊन सीमाच्या दुकानात गेलो. तिनं सरळ कंपनीला फोन लावला आणि माझ्या कानाला दिला. पंधरा मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली. मी तिला एकच प्रश्न पाच वेगवेगळ्या पद्धतींनी विचारला. मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि गोवा त्यांच्या लेखी एकच मुलूख, असं तिनं पाचही वेळा सांगितलं. फोन ठेवताना तिनं विचारलं की सर, तुमचं कुणाशी एवढं बोलणं आहे.

"काय सांगितलं तिला?" सीमानं विचारलं.

काहीच सांगितलं नाही, असं मी म्हणालो. सीमा म्हणाली, "सांगायचं होतं, बोलणं माझं न्हाई, पण शिव्या मला बसून राहिल्या म्हणून."

प्रेमसिंगांनी पन्नासची नोट दिली. एकोणचाळीसचं कार्ड आणि वर दहाचा रिचार्ज मारला. बाजाराच्या आदल्या दुपारी आम्ही पुन्हा ओट्यावर बसलो. या वेळी बातमी पसरलेली होती. बायका निंदणी लवकर आटपून आल्या होत्या आणि पुरुष देवळासमोरच्या कडुलिंबाखाली गंमत बघत उभे होते. मी नंबर लावला आणि दोन पावलं मागं सरलो. काही बिघडलंच तर माझ्याकडे कुणाची नजर जाऊ नये म्हणून.

रूपाबाई रडल्या. मिराबाई रडल्या. पहिल्या दिवशी आलेल्या, दुसऱ्या दिवशी आलेल्या, आजच आलेल्या, सगळ्या रडल्या. पलीकडे रीताची सासूही फोनवर आली आणि विहिणी-विहिणींचं एक स्वतंत्र रडणं झालं. ते चांगलंच लांबलं, कारण कुणीच कमी पडायला तयार नव्हतं. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. बत्तीस मिनिटं. प्रेमसिंग मोबाईलवर नजर रोखून बसले होते, तंबाखू हातात तशीच.

रूपाबाईंनी पदर काढला. डोळे पुसले. पण आज त्या हसल्या नाहीत. मोबाईल कानाला नुसता धरून ठेवला. दोनदा तोंड पोळल्यामुळे त्यांना विचारायचीच भीती वाटत असावी. मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "जेवलीस का?"

"जेवले, याडी," पलीकडून आवाज आला. इतका स्पष्ट की लिंबाखालच्या माणसांनीही ऐकला.

ओट्यावर जो हशा उठला, तो मला आजही आठवतो. मिराबाईंनी तर टाळी वाजवली. रूपाबाई मात्र कुणाकडे बघेनात. त्यांचं सुरू झालं होतं. काय जेवलीस, भाकरी कोणी केली, सासू कशी आहे, सासू जवळच आहे का, मग नंतर सांग. रीता शिवणयंत्र शिकत होती. तिनं शिवलेल्या पहिल्या पोलक्याचा एक हात लांब आणि एक आखूड झाला होता, आणि नवऱ्यानं ते कौतुकानं भिंतीवर टांगून ठेवलं होतं. त्यांची बोली मला अर्धीच कळत होती. हसू मात्र पुरं कळत होतं. रूपाबाईंनी वासरू झाल्याचं सांगितलं, त्याचा रंग सांगितला, कपाळावरचा ठिपका सांगितला. रीतानं तोच ठिपका पुन्हा विचारला आणि त्यांनी तो पुन्हा सांगितला.

मग मोबाईल प्रेमसिंगांकडे गेला. त्यांनी आधी ठरवल्यासारखं, बरी हाय ना, एवढंच विचारलं आणि परत द्यायला हात पुढे केला. पण रीतानं काहीतरी विचारलं असावं, कारण हात मागं गेला. ते लिंबाच्या दिशेनं थोडे वळले. कापूस कसा आहे ते सांगू लागले. बैलाच्या खुराचं सांगितलं. जावयाच्या विहिरीला पाणी किती हातांवर लागलं ते विचारलं आणि जावयालाच फोनवर बोलावून घेतलं. एका वाक्यात आटपायला निघालेला हा माणूस पंचवीस मिनिटं बोलला. शेवटी तर मीच थोडा अस्वस्थ झालो. पाच वेळा विचारूनही माझ्या मनात ती चांदणी चमकत होती.

कॉल संपला. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं आली. प्रेमसिंगांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. बोलणं एक तास एकोणीस मिनिटं, कापलेली रक्कम एक रुपया. मी वाचलं आणि खात्रीसाठी मनातल्या मनात पुन्हा वाचलं.

"मोठ्यानं वाचा, गुरुजी," प्रेमसिंग म्हणाले. "सगळ्याइला ऐकू द्या."

मी मोठ्यानं वाचलं. माझा आवाज एवढा लांब जातो हे मला माहीत नव्हतं. लिंबाखालून कुणीतरी विचारलं, मग उद्या बाजारात शेळी घ्यायला कोण जाऊन राहिलं. प्रेमसिंगांनी बंडीच्या खिशातून एक चुरगळलेली चिठ्ठी काढून मला दिली. मिराबाईंच्या थोरल्या लेकीचा नंबर होता, वाशिमकडच्या तांड्यावरचा. तो केव्हापासून त्यांच्या खिशात होता, कोण जाणे. मी लावून दिला. प्रेमसिंगांनी ओट्यावरची आपली जागा सोडली, मोबाईल स्वतःच्या हातानं मिराबाईंना दिला आणि बजावलं, "वहिनी, घाई करू नका. सावकाश रडा."

मिराबाईंनी पदर तोंडावर ओढला.